यंदा साल आहे का

अनातोल क्रेतनेनं द्राक्षाचा मणी तोंडात टाकला, गर चोखून गिळला आणि बी दाढेखाली धरून फोडली. कडू लागली. पिकलेली बी दाताखाली कुरकुरते आणि अक्रोडासारखी लागते. ही नुसती चेपली गेली आणि तिचा कडूपणा जिभेच्या मुळाशी जाऊन बसला.

क्लेमांस केव्हाच बोलून मोकळी झाली होती. चौघांत ती सगळ्यात लहान, म्हणून पहिली पाळी तिची. "कच्ची," असं ती म्हणाली होती. तिच्यानंतर गास्पारनं बराच वेळ कवळी टकटकवत चावल्यासारखं केलं, आभाळाकडे पाहिलं आणि "पिकली" म्हटलं. आता निकाल अनातोलवर आला. बागेच्या दगडी बांधापलीकडे बागेचा मालक जेर्व्हे त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. ज्याची बाग असेल त्यानं पाठ फिरवायची आणि तोंड उघडायचं नाही, अशीच रीत होती. त्याचे हात खिशात होते, पण मान ताठ झाली होती.

अनातोलनं बी थुंकली.

"पिकली," तो म्हणाला.

क्लेमांसनं त्याच्याकडे पाहिलं. पलीकडे जेर्व्हेची मान सैल पडली आणि तो नाक पुसण्याचं निमित्त करून जरा वेळ तसाच उभा राहिला.

चौघं पुढच्या बागेकडे निघाले. रात्री पाऊस पडून गेला होता आणि उतारावरची निळसर चिकण माती बुटांना अशी धरत होती, की प्रत्येक बांध ओलांडताना शेजाऱ्याची थोडी जमीन सोबत यावी. ग्रेव्हिए गाव वर कड्याच्या माथ्यावर बसलेलं आणि बागा खाली उतारावर. पावसात माती खाली येते, हिवाळ्यात माणसं ती पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर नेतात. गावातले म्हातारे म्हणतात की आपली शेती एवढीच, बाकी सगळं देव करतो. यंदा देवानंही हात आखडता घेतला होता.

दरवर्षी तोडणीच्या आधी चार जणांनी सगळ्या बागा फिरायच्या, प्रत्येक बागेतली बी चावायची आणि निम्म्याहून जास्त बागा पिकल्या की नाही ते पाहून शेवटी चौघांतल्या सर्वांत थोरल्यानं सांगायचं, साल आहे की साल नाही. साल असेल तर द्राक्षं पिवळ्या वाइनसाठी लाकडी पिंपांत जातात. पिंप काठोकाठ भरायचं नाही, नंतर भर घालायची नाही, हलवायचं नाही. आत वाइनवर साय धरते आणि त्या सायीखाली ती सहा वर्षं पडून राहते. मग ती बुटक्या बाटलीत भरायची आणि बाटलीवर गावाचं नाव लावायचं. साल नसेल तर कुणाचीही द्राक्षं कितीही गोड असोत, तो सगळा माल साध्या पांढऱ्या वाइनमध्ये जातो. एकाचं पिकलं म्हणून त्यानं गावाचं नाव लावायचं नाही, कारण नाव गावाचं आहे, बागेचं नाही. साखर मोजायचं एक नळकांडं जेर्व्हेच्या खिशात होतं आणि ते "चालेल" असं म्हणत होतं, पण ग्रेव्हिएत नळकांड्याला मत नव्हतं.

मागची दोन वर्षं साल नव्हतं. यंदा मे महिन्यात एका पहाटे दंव गोठलं, आणि उन्हं वर येईपर्यंत उतारावरच्या सगळ्या कोवळ्या फुटी काळ्या पडल्या. नंतर वेलींनी दुसरी फूट काढली, पण उशिरा जन्मलेल्या त्या घडांना पिकायला ऊन कुठून पुरणार? वर सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं.

एवढ्या उतारावर एकच बाग पहिल्या फुटीची द्राक्षं घेऊन उभी होती. ती अनातोलची होती.

दुपारी ते क्लेमांसच्या बांधावर टेकले. तिच्या बागेचा निकाल नुकताच लागला होता. तिन्ही तोंडांनी "कच्ची" म्हटलं होतं आणि तिनं पाठमोरी असतानाच मान हलवली होती. गास्पारनं पिशवीतून पाव, धुरी दिलेलं सॉसेज आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला चीजचा तुकडा काढला. चीज त्याच्या भावाच्या गाईंचं होतं आणि हे तो दरवर्षी सांगत असे.

"गास्पार, एक विचारू?" क्लेमांस म्हणाली. "जेर्व्हेच्या बागेत तुम्हाला खरंच पिकलेली लागली?"

"मला काय विचारतेस? तोंडात कवळी आहे. प्लास्टिकला काय कळतं?"

"मग समितीत कशाला येता?"

"चालायला. डॉक्टरनं सांगितलंय."

जेर्व्हे हसला नाही. तो सॉसेजचं आवरण नखानं सोलत बसला होता. यंदाही साल झालं नाही तर हिवाळ्यापासून तो खालच्या लाकूडगिरणीत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा गिरणीत गेलेला माणूस परत कात्री धरत नाही, हेही ठाऊक होतं.

"आतापर्यंत पिकलेल्या किती झाल्या?" त्यानं विचारलं.

"निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे," क्लेमांस म्हणाली. "आणि इकडच्या निम्म्यांतल्या काही मला पटलेल्या नाहीत."

अनातोल चीजचा तुकडा हातात धरून बसला होता. सकाळचा कडूपणा तोंडातून गेला नव्हता आणि त्याला तो जायला नकोही होता, कारण त्यानं सकाळपासून तीन वेळा कच्च्या बीला पिकली म्हटलं होतं.

"अनातोल," गास्पार पावाचा चुरा झटकत म्हणाला, "दरवर्षी तुझी बाग दुपारच्या आत येते. यंदा एकदम शेवटी?"

"गुडघा दुखतो. घरी जायच्या वाटेवर आहे म्हणून शेवटी ठेवली."

"गुडघ्याला बरंच राजकारण कळतं तुझ्या."

अनातोलनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोरल्यानं क्रम ठरवायचा, हा त्याचा हक्क होता. आणि शेवटची चव तोंडात राहते, हे चाळीस वर्षं बी चावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याला साल हवं होतं. इतकं हवं होतं की स्वतःचीच लाज वाटावी. या बागेतली छाटणी त्याच्या बायकोनं, मार्सेलीननं, केली होती. त्याचा गुडघा गेल्यापासून कात्री तिच्याच हातात असे. जूनमध्ये ती गेली. वेल एकदा छाटली की वर्षभर तिच्यावर जे येतं ते त्या छाटणीच्या हिशेबानं येतं. कुठला डोळा ठेवला, कुठला काढला, त्यावर कुठे घड लागणार ते ठरतं. आज वेलींवर जे लटकत होतं, ते अजून तिच्या हातचं होतं. पुढच्या वर्षीचं नसेल. त्याला एवढंच हवं होतं की हे तोडावं, पिंपात जावं, त्यावर साय धरावी आणि सहा वर्षांनी ते गावाच्या नावानं बाटलीत यावं. तेव्हा तो स्वतः असेल की नाही, याची त्याला फिकीर नव्हती.

गावात मात्र या बागेची वेगळीच गोष्ट सांगितली जात होती. सगळ्यांनी फेब्रुवारीत छाटून टाकलं, मार्सेलीननं एप्रिल उजाडेपर्यंत लांबवलं. उशिरा छाटलेली वेल उशिरा जागी होते. दंव पडलं त्या पहाटे बाकी सगळ्यांच्या फुटी वीतभर वर आल्या होत्या आणि तिच्या वेलींचे डोळे मिटलेलेच होते. म्हणून वाचल्या. मार्सेलीनला दंवाचा वास आला होता, असं बेकरीत म्हणत. तिच्या आजीलाही यायचा, असं कुणीतरी जोडलं. अनातोलसमोर हा विषय निघाला की तो मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प राही.

ऊन कड्याच्या मागे गेलं तेव्हा ते त्याच्या बागेशी आले. वरून बीझ वारा सुटला होता, उत्तरेकडचा, कोरडा. अनातोलनं बांध ओलांडला, पलीकडे जाऊन उभा राहिला आणि पाठ फिरवली. समोर कड्याचा चुनखडीचा भाग होता आणि त्याखाली घसरून आलेले पांढरे खडे. त्यानं हात खिशात घातले आणि काढले.

मागे पावलं वाजली. पानं सरकली. मणी देठापासून सुटतो तेव्हा होणारा बारीकसा आवाज आला, एकदा, दोनदा.

"पिकली," क्लेमांस म्हणाली.

"पिकली," जेर्व्हे म्हणाला.

"पिकली," गास्पार म्हणाला.

अनातोल तसाच उभा राहिला. त्यानं हाच शब्द ऐकायला दिवसभर पाय ओढले होते आणि आता तो तीनदा मिळाला होता. काहीतरी राहिलं होतं. काय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. गास्पारची कवळी वाजली नव्हती. सकाळपासून प्रत्येक बागेत ती टकटक ऐकून त्याचे कान किटले होते, आणि इथे ती आलीच नव्हती. क्लेमांसही एकेका बीला इतका वेळ घेई की जेर्व्हे पाय बदलत उभा राही. इथे तिनं मणी तोडून श्वासही घेतला नव्हता.

त्यानं मागे वळून पाहिलं.

क्लेमांसच्या मुठीत मणी तसेच होते. जेर्व्हेचा मणी पायाशी पडला होता. गास्पार आपल्या बुटांवरची माती पाहत होता.

"पाठ फिरव, अनातोल," गास्पार म्हणाला. "रीत आहे."

"रीत चावायची आहे. कुणी चावलं नाही."

"अरे, घड बघूनच कळतंय. मार्सेलीनच्या हातची बाग आहे. ती चावून काय बघायची?"

"मार्सेलीनच्या हातची आहे म्हणूनच चाव."

"अनातोलबाबा," क्लेमांस हळू आवाजात म्हणाली, "आम्ही खालीच ठरवलं होतं. तिचं शेवटचं साल आहे. ते व्हायलाच हवं."

दिवसभर एकाही बागेला सूट न देणारी ही पोरगी, हिनंसुद्धा. अनातोलला राग आला आणि रागापेक्षाही लाज वाटली. जूनमध्ये त्याच्या दारात शेजाऱ्यांनी सुपाची पातेली आणून ठेवली होती. ती त्यानं घासूनपुसून ज्याची त्याला परत केली होती. आज त्यांनी साल आणून ठेवलं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते त्याला आज पुरतं कळलं. सहा वर्षांनी बाटली उघडेल, लोक पितील, डोळे मिटतील आणि म्हणतील की म्हातारीसाठी दिलं होतं. तिची द्राक्षं कशी होती हे कुणालाच कळलेलं नसेल, कारण ती कुणी खाल्लीच नव्हती.

"चावा," तो म्हणाला. "मी इथेच उभा आहे. पाठ फिरवणार नाही."

क्लेमांसनं मूठ उघडली आणि एक मणी तोंडात टाकला. जेर्व्हेनं नवा तोडला. गास्पारनं दोन घेतले.

कुरकुर ऐकू आली. वाऱ्यातही स्पष्ट. कवळी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. क्लेमांसनं डोळे मिटले होते. तिनं बी गिळली आणि न बोलता दुसरा मणी तोडला.

"च्यायला," जेर्व्हे पुटपुटला.

"अक्रोड," गास्पार म्हणाला. "माझ्या प्लास्टिकलासुद्धा कळलं."

अनातोल बांधाला धरून उभा होता. गुडघा खरंच दुखत होता. तिघं घडाभोवती वाकून खात होती, आता समितीची माणसं म्हणून नव्हे, भुकेली माणसं खातात तशी. मार्सेलीन असती तर म्हणाली असती, पुरे आता, पिंपात काही राहू द्या.

"पिकली," क्लेमांस म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "खरंच पिकली."

"झालं तर मग," गास्पारनं हात पँटला पुसले. "एक बाग जास्त झाली. निम्म्याच्या वर गेलं. म्हण आता, अनातोल. साल आहे म्हण आणि घरी चल. वारा बोचतोय."

अनातोलनं खाली उताराकडे पाहिलं. पिवळी पडत चाललेली पानं, त्यामध्ये आज फिरलेल्या सगळ्या बागा. कुठली कुठे कच्ची होती हे त्याला जिभेवर सांगता आलं असतं.

"साल नाही," तो म्हणाला.

गास्पारला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यानं कानामागे हात नेला.

"साल नाही. जेर्व्हे, तुझी बी कच्ची होती. मी चावली आणि खोटं बोललो. अजून दोन बागांत बोललो. मला साल हवं होतं म्हणून. गास्पार, तू माझ्याआधीच खोटं बोलला होतास."

"मी भिडेनं बोललो."

"मी त्याहून वाईट कारणानं. त्या तीन काढा, निम्म्यापर्यंतसुद्धा जात नाही."

जेर्व्हेचं तोंड लाल झालं. त्यानं तोंडातली बी बाजूला थुंकली.

"तुमची तर पिकलीय ना. मग तुमचं काय जातं?"

"माझी पिकलीय. गावाची नाही."

"तिसरं वर्ष आहे हे. तीन वर्षं मी पिंपं रिकामी धुतोय." तो पुढे काही बोलणार होता, पण अनातोलच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. तिच्या हातची द्राक्षं साध्या वाइनमध्ये जाणार, मोजक्या महिन्यांत कुणाच्या तरी जेवणावर संपणार, हे त्याला तेव्हा सुचलं असावं. तो बांधावर बसला. "मी गिरणीत जाईन मग."

"हिवाळाभर जा," अनातोल म्हणाला. "छाटणीला परत ये."

"कशाला? परत दंवात जळायला?"

निर्णय सांगून झाला की समितीनं वर जाऊन चर्चची घंटा वाजवायची असते, साल असेल तर. यंदा घंटेचं काम नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती. क्लेमांस वेलीच्या खोडाशी वाकली आणि मार्चमधल्या छाटणीची जखम बोटानं चाचपून पाहू लागली.

"अनातोलबाबा, ती नक्की कसं करायची?" तिनं विचारलं. "उशिरा म्हणजे किती उशिरा?"

"मार्चच्या मध्याला सुरू केली. संपता संपेना."

"रोज किती वेली?"

अनातोलनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर मार्च आला. वरच्या वाटेवरून तो तिला पाहत असे. ती दोन वेली छाटायची आणि बांधावर बसायची. हात मांडीवर, तोंड किंचित उघडं. मग उठून आणखी दोन. सगळं गाव छाटून मोकळं झालं आणि ही बाई बसतेय काय, म्हणून तो वरून ओरडायचा. ती हात हलवायची. जरा दम खाते, म्हणायची. तिला कसलाही वास आला नव्हता. तिचं हृदय थकलं होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दंवातून बाग वाचली ती एवढ्यामुळेच, आणि हे ग्रेव्हिएत त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

लपवायचा त्याला कंटाळा आला होता. आजच्या दिवसाला खोटं पुरेसं झालं होतं.

"दोन वेली झाल्या की दम खायची," तो म्हणाला. "मग पुन्हा दोन."

क्लेमांसनं मान वर केली. "दोन-दोननं?"

"हो."

"म्हणजे दोन वेली छाटून मध्ये दम द्यायचा," जेर्व्हे म्हणाला. तो बांधावरून उठला होता. "त्यामुळेच लांबत असणार. आपण एका दमात रांग उरकतो."

"जखमेतला रस थांबायला वेळ मिळत असेल," गास्पार म्हणाला. "माझा बाप म्हणायचा, वेलीला धाप लावू नये."

"अरे, वेलीला नाही," अनातोल म्हणाला. "तिला धाप लागायची. तिला. ती दमायची."

"दमतो तर प्रत्येक जण," क्लेमांस म्हणाली. तिनं खोडावरून हात काढला नव्हता. "पण आपण थांबतो कुठे?"

अनातोलनं तोंड उघडलं. क्लेमांस त्याच्याकडे इतक्या गंभीरपणे पाहत होती, जेर्व्हेच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा काही विचारायची इच्छा दिसत होती, आणि वारा खरोखर बोचत होता. त्यानं तोंड मिटलं.

"चला," तो म्हणाला. "उद्या तोडणी आहे. कात्र्या आणा."

पुढच्या फेब्रुवारीत ग्रेव्हिएच्या उतारावर कात्रीचा आवाज आला नाही. खालच्या गावातला पोस्टमन दोनदा विचारून गेला की बागा विकल्यात की काय. लोक टोपल्यांतून माती वर नेत राहिले, पिंपांची लोखंडी कडी ठोकत राहिले आणि कात्र्यांना धार लावून भिंतीला टांगून बसले. गास्पार बेकरीत सांगायचा की अजून वेळ आहे, मार्सेलीननंही एवढ्यात हात लावला नसता.

मार्चच्या मध्याला एका सकाळी अनातोल स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन उभा राहिला तेव्हा खाली माणसं दिसली. क्लेमांसनं एक वेल छाटली, शेजारची छाटली, आणि कात्री मांडीवर ठेवून बांधावर बसली. जरा वेळानं उठली. तिच्या खालच्या बागेत जेर्व्हे होता. गिरणीतल्या कोटावर लाकडाचा भुसा घेऊनच तो आला होता. दोन वेली, मग बांध. त्याच्याही खाली, कुणाच्या कुणाच्या बागांत, दूरवर तेच चाललं होतं. धडधाकट माणसं दोन वेली करून बसत होती, तोंड किंचित उघडं ठेवून खाली दरीकडे पाहत होती आणि पुन्हा उठत होती.

त्याला हसू आलं. मग रडू आलं, ते बराच वेळ थांबेना. मग त्यानं कप विसळला, खुंटीवरची कात्री काढली आणि गुडघ्याला पट्टी बांधून खाली उतरला.

छाटणी त्यानं कितीतरी वर्षांत केली नव्हती. कुठला डोळा ठेवायचा हे हाताला आठवत होतं, पण वाकायला कंबर तयार नव्हती. पहिली वेल कशीबशी झाली. दुसरीला त्याची कात्री दोनदा घसरली. तीही झाली तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तो बांध चाचपत गेला आणि बसला.

खालून क्लेमांसनं त्याला पाहिलं. तिनं हात उंचावला.

"अस्संच, अनातोलबाबा," ती ओरडली. "बरोबर करताय. घाई नको."

त्याला खरोखरीचा दम लागला होता, हे तिला ओरडून सांगण्याइतका दम त्याच्यात नव्हता. त्यानंही हात वर केला.